निळ्या मगावरचा आळ

१

बुधवारी सकाळी भट्टीची झडप बाजूला झाली आणि आतून टिण् टिण् असा बारीक आवाज यायला लागला. तो ऐकूनच भट्टीमिस्त्री मटकन खाली बसले. चिनीमाती तडकतानाचा आवाज त्यांना शिकवायला नको होता. आत दोनशे चाळीस मग होते, एकाहून एक सुरेख निळे, आणि त्यातला एकही धड नव्हता. कुणाला ओठापासून तळापर्यंत चीर, कुणाचा कान गळून पडलेला. मिस्त्रींनी एक उचलला तर तो हातातच दुभंगला आणि त्यांचा अंगठा कापला, म्हणून सिस्टरना बोलावणं गेलं.

सिस्टर म्हणजे त्या कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीच्या सर्वेसर्वा. बावीस वर्षं तिथे होत्या. कुणाला कसली पुटकुळी आली आणि कुणाची झोप कशामुळे उडाली, हे त्यांना त्या त्या माणसाच्या बायकोआधी कळायचं. कळायचं असं म्हणायचं, कारण सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाई आल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या, वय जेमतेम तीस, आणि हसून बोलायच्या. तेव्हापासून लोक सिस्टरना सांगायला लागले, "असू द्या सिस्टर, मंगळवारी डॉक्टरीणबाईंनाच दाखवतो." हे वाक्य ऐकलं की सिस्टरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. डॉक्टरीणबाईंनी लिहिलेले कागद त्या न वाचताच फाइलीत घालून खणात टाकायच्या. बावीस वर्षं माणसांची पोटं दाबल्यावर हिचं लिहिलेलं काय वाचायचं, असा त्यांचा हिशेब.

अंगठ्याला पट्टी बांधता बांधता त्यांनी भट्टीकडे पाहिलं. पलीकडे मिस्त्रींची पुतणी उभी होती. मगांवरचा तो चकचकीत निळा लेप, म्हणजे झिलई, तिनेच तयार केलेली. रडत नव्हती, पण हाताची बोटं एकमेकांत इतकी घट्ट गुंतवली होती की पांढरी पडली होती.

शुक्रवारी मिस्त्री निवृत्त होणार होते. झडप उचलायची लोखंडी पहार त्या दिवशी ते ज्याच्या हातात देतील, तो पुढचा भट्टीमिस्त्री. त्या कारखान्यात हे असंच चालत आलेलं. पुतणीची निळी भट्टी नीट निघाली तर पहार तिची, हे सगळ्यांना माहीत होतं. आता निघाल्या त्या ठिकऱ्या.

"झिलईच फसली," मागून मिस्त्रींचे चिरंजीव म्हणाले. चिरंजीव ऑफिस सांभाळायचे आणि ही जुनी भट्टी पाडून विजेची आणावी असं त्यांचं टुमणं वर्षभर चाललं होतं. "आणि नुसती फसली असती तर गोष्ट वेगळी. आपले जुने कामगार दादा, त्यांना काल तिच्या मगातून चहा प्यायल्यावर पोटात कळा आल्यात. विषारी निघाली तर आपण सगळेच गोत्यात येऊ."

पुतणीने मान वर केली, आणि तिचा चेहरा पाहून सिस्टरच्या हातातली पट्टीची गुंडाळी खाली पडली.

२

मिस्त्री प्रथमोपचार खोलीत येऊन बसले आणि दार लावून घेतलं. खिशातून त्यांनी रुमालात गुंडाळलेले मातीचे दोन तुकडे काढले. झडप बसवली की तिच्या कडेने ओल्या मातीचं लिंपण करतात, म्हणजे गार वारा आत शिरत नाही. सोमवारी सकाळी आग बंद करून हे लिंपण त्यांनी स्वतः केलं होतं.

"दोन दिवसांत हे बिस्किटासारखं खडखडीत वाळायला हवं," ते म्हणाले. "डावीकडचं वाळलंय. उजवीकडचं बघा, नखाने खड्डा पडतो. कुणीतरी मधे झडप काढली, गार वारा आत जाऊ दिला आणि परत लिंपून ठेवलं. तापलेली भांडी गार वाऱ्याने तडकतातच, त्यात झिलईचा काय दोष?"

मग हे सगळ्यांना सांगत का नाही, असं सिस्टरनी विचारलं. सांगितलं होतं म्हणे. चिरंजीव म्हणाले, तुमच्या पुतणीने माती पातळ कालवली असेल. शिवाय एक मोठी अडचण होती. झडप एकट्याने उचलायची नसते. दोन बाजूंना दोन कड्या, त्यांतून आडवी पहार, आणि पहारेच्या दोन टोकांना दोन माणसं. मिस्त्रींच्या चाळीस वर्षांत ती कुणी एकट्याने उचललेली नव्हती. म्हणजे दोन माणसं हवीत, आणि मंगळवारी जेवणाच्या सुट्टीखेरीज भट्टीघर रिकामं नव्हतं. त्या अर्ध्या तासात जेवणघरात कोण कोण नव्हतं, हे मिस्त्रींनी विचारून ठेवलं होतं. भट्टीचं काम ठाऊक असलेल्यांतले फक्त तिघं नव्हते. चिरंजीव ऑफिसात फोनवर होते, दादा दहा मिनिटं उशिरा आले, आणि पुतणी त्याहून उशिरा.

"या तिघांत कुठल्याही दोघांचं एकमेकांशी पटत नाही," मिस्त्री म्हणाले. "मला विचारता येत नाही सिस्टर, ती माझी पुतणी आहे. लोक म्हणणार, झाकतोय. तुमच्यापाशी मात्र माणसं बोलतात. तुम्ही बघा ना जरा."

डॉक्टरीणबाईंना नाही, मला विचारलं. सिस्टरच्या मनात पहिल्यांदा हेच आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

चिरंजीवांचा रक्तदाब तपासायचा राहिलाच होता. तो तपासताना कळलं की मंगळवारची सगळी सुट्टी ते फोनवर एका गिऱ्हाइकाशी भांडत होते आणि समोर कारकूनबाई डबा खात होत्या. कारकूनबाईंनी सांगितलं की ते खुर्चीवरून हललेही नाहीत, आणि त्यांच्या ओरडण्याने आपल्याला घास गिळवला नाही. म्हणजे चिरंजीव सुटले.

पुतणी म्हणाली, ती अंगणात होती. तिथे एक जुनं झाड वठलं होतं, ते गेल्या वर्षी तोडलं, आणि त्याच्या लाकडाच्या राखेतून हा निळा रंग निघाला होता. बादलीभर राख, तेवढीच. उरलेली राख चाळायला ती तिथे बसली होती.

"एकटीच?"

"एकटीच. माझ्यासोबत बसायला कोण येतंय, सिस्टर?"

तिने मग एक गोष्ट विचारली. मागच्या आठवड्यात पहिल्या चाचणीतले सात मग तिने वाटले होते, त्यातला एक सिस्टरना दिला होता. त्यातून चहा पिऊन त्यांना काही त्रास झाला का?

"नाही बाई," सिस्टर म्हणाल्या. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्यांनी त्या मगातून एकदाही चहा घेतला नव्हता. पुतणीने आधी डॉक्टरीणबाईंना दिला आणि मग त्यांना, म्हणून त्यांनी तो कागदासकट खणात कोंबला होता.

आता उरले दादा. पण एकट्या दादांनी दोघांचं काम केलं कसं?

३

दादा म्हणजे कारखान्यातले सगळ्यांत जुने कामगार, मिस्त्रींच्या खालोखाल. एकोणीस वर्षं भट्टीवर. हल्ली मात्र मिस्त्रींनी पुतणीला भट्टीवर घेतल्यापासून ते बाकावर बसून मगांना कान चिकटवायचे. दिवसभर बसून, वजन उचलायचं काम नाही.

मंगळवारी दुपारी ते पोट धरून प्रथमोपचार खोलीत आले तेव्हा सिस्टर वेष्टन विभागात एकीचं बोट बांधत होत्या. परतल्या तोवर डॉक्टरीणबाई त्यांना तपासून घाईने निघाल्याही होत्या, त्यांच्या दवाखान्यात भरती केलेल्या कुणाचं तरी बोलावणं आलं होतं म्हणे. टेबलावर त्यांचा कागद होता, तो खणात गेला. दादांच्या हातात जळजळीवरच्या गुलाबी औषधाची बाटली होती.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जठराचं असू शकेल," तेव्हा दादा म्हणाले होते. "काय खाल्लंप्यायलंत, असं विचारलं. मी म्हटलं, सकाळी त्या निळ्या मगातून चहा प्यालो, बस्स."

गुरुवारी तिसऱ्या प्रहरी सिस्टरनी त्यांना पुन्हा बोलावलं. विचारपूस म्हणून चहा मागवला, सोबत चार बिस्किटं ठेवली. दादा बोलत बोलत चारही बिस्किटं फस्त करून गेले. सिस्टर बघत होत्या. पोटाची जळजळ असलेला माणूस पहिल्या घासाला तोंड वाकडं करतो, दुसरं बिस्किट हातात धरून बसतो. यांना ना मळमळ, ना ढेकर. खाल्ल्यावर दुखणं वाढलंही नाही आणि थांबलंही नाही.

मग सिस्टर मुद्दाम चिरंजीवांच्या फोनवरच्या भांडणाची नक्कल करायला लागल्या. दादांना हसू फुटलं आणि तिथल्या तिथे त्यांनी पोटाला हात लावून दात आवळले.

"कुठे दुखतंय नक्की? दाखवा बघू."

दादांनी एक बोट टेकवलं. बेंबीच्या उजव्या अंगाला, चार बोटांवर. एकच जागा, रुपयाएवढी. सिस्टरनी आयुष्यात जठराच्या दुखण्याचे शेकडो रोगी पाहिले होते. ते कधी असं बोट ठेवत नाहीत. छातीच्या फासळ्यांखाली मधोमध सगळा पंजा फिरवतात, म्हणतात, इथे कुठेतरी, आत.

"आडवे व्हा," सिस्टर म्हणाल्या.

दादा आडवे झाले, पण सरळ मागे टेकले नाहीत. आधी कुशीवर कलले, हाताचा टेकू घेतला आणि मग वळले. सिस्टरनी त्या जागेवर दोन बोटं दाबली. दुखलं. बोटं तशीच ठेवून त्या म्हणाल्या, "आता हात न टेकता डोकं आणि खांदे वर उचला."

ही युक्ती त्यांना फार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या सर्जननी शिकवली होती. माणूस असं डोकं उचलतो तेव्हा पोटाचे स्नायू फळीसारखे ताठ होतात. दुखणं आतल्या जठरात, आतड्यात असलं तर त्या फळीमागे ते झाकलं जातं आणि दाबलं तरी कमी दुखतं. दुखणं त्या फळीतच असलं तर मात्र माणूस कळवळतो.

दादा कळवळले. इतके की डोळ्यांतून पाणी आलं.

सिस्टरनी हात काढून घेतला. हे जठर नव्हतं, चहा नव्हता, मग तर नव्हताच. हा पोटाच्या भिंतीतला ओढला गेलेला स्नायू होता, आणि बसल्या जागी मगांना कान लावून स्नायू असा फाटत नाही. आपल्या ताकदीबाहेरचं काहीतरी, अंग पिळवटून, एकट्याने उचललं तरच फाटतो.

दादा कपडे सारखे करत म्हणाले, "एकोणीस वर्षं मी त्या भट्टीपुढे उभा आहे, सिस्टर. आणि काल आलेली पोरगी येते, हसून बोलते, आणि सगळे तिचेच."

 फक्त आकडा बदलला तर हे वाक्य सिस्टरचंच होतं.

४

आता बघा, तेव्हा तीन वाजले होते. मिस्त्री भट्टीघरात होते, चिरंजीव ऑफिसात. सिस्टरनी चार पावलं टाकून सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. त्या उठल्याही होत्या.

पण उद्या शुक्रवार. उद्या सगळे जमणार, डॉक्टरीणबाईही येणार. त्यांनी म्हणे जठर सांगितलं होतं, गुलाबी औषध दिलं होतं. उद्या सगळ्यांच्या देखत दादांना आडवं करून दाखवलं की कळेल लोकांना, पोट कुणाला कळतं ते. एका दिवसाने काय बिघडतंय, असं मनाशी म्हणून सिस्टर परत खुर्चीत बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत, उद्या काय काय बोलायचं त्याची उजळणीसुद्धा करत राहिल्या. इतका पोटशूळ उठला होता त्यांना, आणि त्याला नाव द्यायला मात्र तयार नव्हत्या.

पाच वाजता अंगणातून फुटण्याचा आवाज आला. सिस्टर खिडकीशी गेल्या.

पुतणीने वाटलेले मग घरोघर फिरून परत गोळा केले होते आणि ती ते एकेक करून दगडी पायरीवर आपटत होती. शेजारी झिलईची बादली उपडी होती. निळं-राखाडी पाणी गटाराच्या जाळीतून खाली चाललं होतं. चाळलेली राखसुद्धा त्यातच ओतलेली. कुणाच्या पोटात विष गेल्याचं पाप आपल्या माथी नको, असं म्हणत होती, ओरडून नाही, अगदी शांतपणे.

सिस्टरचा हात खिडकीच्या कडीवर होता. ती कडी त्यांनी उघडली नाही. आत्ता उघडली तर विचारतील, कधीपासून माहीत होतं.

५

शुक्रवारी अकरा वाजता प्रथमोपचार खोलीत दाटी झाली. मिस्त्री, चिरंजीव, पुतणी, दादा आणि डॉक्टरीणबाई. सिस्टरनीच सगळ्यांना बोलावलं होतं. रात्रभर घोकलेलं भाषण त्यांच्या तोंडून नीट निघेना.

"आपण दोन माणसं शोधत बसलो," त्या म्हणाल्या. "झडप दोघांनी उचलायची असते, म्हणून दोघांनीच उचलली असणार असं धरून चाललो. एकाने उचलली तर काय होईल, हे कुणी विचारलंच नाही. दादा, आडवे व्हा."

दादांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग आडवे झाले, कुशीवर कलून, हाताचा टेकू घेऊन. सिस्टरनी बोटं ठेवली, डोकं उचलायला सांगितलं आणि कालचंच झालं. डॉक्टरीणबाईंनी पुढे होऊन स्वतः करून पाहिलं आणि मान डोलावली.

सिस्टरनी बाकीचं सांगितलं. मंगळवारी दादा जेवायला दहा मिनिटं उशिरा आले. पहार एकाच बाजूच्या कडीत अडकवून, खांदा लावून झडप उजवीकडून उचकटली तर फक्त उजवीकडचं लिंपण तुटतं, आणि उजवीकडचंच ओलं होतं. दोघांनी उचलली असती तर दोन्ही बाजूंचं तुटलं असतं. त्यानंतर तासाभरात दादा पोट धरून आले. चहा सकाळी नऊचा, दुखणं दुपारी दीडचं. आणि त्या मगांतून आठवडाभर सहा माणसं चहा पीत होती, दादा सोडले तर त्यांतल्या कुणालाही काही झालं नाही.

"दादा," मिस्त्री म्हणाले. 

दादा उठून बसायला गेले आणि जमेना. मिस्त्रींनीच त्यांना पाठीमागून आधार दिला. तो हात पाठीला लागला तसे दादा खचले. वीतभरच उघडली होती, म्हणाले. मगावर आळ घालायचं मनात नव्हतं. पोटात कळ आली तेव्हा ते घाबरून इथे आले, आणि डॉक्टरीणबाईंनी काय प्यायलंत असं विचारल्यावर तोंडातून निघून गेलं. एकदा निघालं ते परत घेता येईना.

"मला वाटलं होतं, पहार माझी आहे," दादा म्हणाले.

"वाटलं होतं तर मागायचीत ना माझ्यापाशी," मिस्त्री म्हणाले.  दादांचं पुढे काय करायचं ते नंतर बघू, असं त्यांनी चिरंजीवांना सांगितलं, आणि येताना आणून कोपऱ्यात टेकवलेली पहार उचलून पुतणीच्या हातात दिली.  पुतणीने पहार घेतली खरी, पण चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. ठेवायची कुठे, असं झाल्यासारखी ती उभी राहिली.

मिस्त्री आणि चिरंजीव निघून गेले, पुतणी तेवढी तिथेच थांबली. डॉक्टरीणबाई दादांना पट्टा बांधून देत होत्या. स्नायूच आहे, की तिथून आतडं बाहेर येतंय, ते नीट तपासून घ्यायला हवं म्हणाल्या. मग सिस्टरकडे वळल्या. चेहरा अगदी मोकळा.

"बरं झालं सिस्टर, तुम्ही करून बघितलंत. मला मंगळवारी वेळच मिळाला नाही. माझी चिठ्ठी उपयोगी पडली म्हणायची."

"कसली चिठ्ठी?"

"यांच्या कागदावर लिहिलं होतं ना मी."

सिस्टरनी खण उघडला. मंगळवारची फाइल काढली. डॉक्टरीणबाईंचं अक्षर टपोरं होतं, लांबूनही वाचता येईल असं. 'जठराचं वाटत नाही. पोटाच्या भिंतीचं असावं. तात्पुरतं औषध दिलं आहे. सिस्टरनी आजच दाबून पाहावं. त्यांचा हात माझ्यापेक्षा जाणता आहे.'

सिस्टरनी ते दोनदा वाचलं. बिछान्यावरून दादा त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता, ओळख होती. सिस्टरना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फाइलीच्या मागे, खणाच्या तळाशी कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सिस्टरनी ते काढून पुतणीपुढे ठेवलं. कागद उलगडला तसा निळा मग बाहेर आला, कोरा करकरीत. पुतणीच्या हातातली पहार भिंतीला टेकली. तिने मग उचलून उजेडात धरला, आत बोट फिरवलं.

"हा एकच उरला," ती म्हणाली. "त्या झाडाची राख आता मिळायची नाही." मग तिने विचारलं, "सिस्टर, तुम्हाला कधी कळलं, दादांचं?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. दादा ऐकत होते, डॉक्टरीणबाई ऐकत होत्या.

"काल," सिस्टर म्हणाल्या. "दुपारी तीन वाजता."

 तीनपासून पाचपर्यंतचा वेळ पुतणीने मनात मोजला असणार, तिच्या डोळ्यांवरून ते दिसत होतं. मग तिने मग परत सिस्टरच्या टेबलावर ठेवला, पहार उचलली आणि दाराशी थांबली.

"राहू दे तुमच्याकडेच," ती म्हणाली. "पण आता वापरा."

चार वाजता चहा आला. सिस्टरनी तो निळ्या मगात ओतून घेतला आणि डॉक्टरीणबाईंच्या समोर बसून, मंगळवारचे आणि त्याआधीचे सगळे कागद एकेक करून वाचायला घेतले.